कुर्रर्र... कॅमिला!

मंगळवारी दुपारी, ऐन रिव्ह्यू मीटिंगमध्ये, माझा मोबाईल टेबलावर गुरगुरला. वहिनीचा मेसेज. ‘नाव ठरलं. कॅमिला. रविवारी बारसं, देवळाली कॅम्पला. कुर्र तुला करायचंय. सुट्टी नाही मिळाली वगैरे चालणार नाही.’

मी तो मेसेज तीनदा वाचला. समोर स्लाईडवर तिमाहीचे आकडे पळत होते आणि माझ्या डोक्यात एकच शब्द. कॅमिला?

तर मंडळी, मी आत्या झालेय. आत्या या पदाला आपल्याकडे पगार नाही, पण एक पॉवर आहे. बाळाच्या कानात त्याचं नाव पहिल्यांदा आत्या सांगते. आईबापांनी काहीही ठरवू दे, शेवटची सही आत्याची. आणि सही झाल्यावर बक्षीस काय, तर जमलेल्या बायकांचे पाठीत दणादण धपाटे! एरवी ऑफिसात कागद न वाचता सही ठोकणारी मी, यावेळी मात्र म्हटलं, हा कागद नीट वाचायचा.

दादाला फोन लावला. ‘‘अरे, कॅमिला? चार्ल्सची बायको?’’

‘‘मला काही विचारू नकोस. माझ्याकडे पाळणा आणि पेढे एवढंच खातं आहे,’’ असं म्हणून त्याने फोन वहिनीकडे दिला.

‘‘ॲपवर सापडलं गं,’’ वहिनी म्हणाली. ‘‘रेअर, मायथॉलॉजिकल, लॅटिन. आणि क वरून आहे.’’

‘‘पत्रिकेत क आलंय?’’

‘‘नाही. मला क हवं होतं,’’ एवढंच म्हणून तिने विषय बदलला.

आता आपल्या पिढीचा हा प्रॉब्लेम तुम्हाला माहितीये. आपल्या वर्गात तीन-तीन स्नेहा आणि चार-चार अमोल होते. हजेरीला आडनावाचं पहिलं अक्षर लावून आपण मोठे झालो. म्हणून आपल्या मुलांना असं नाव हवं, जे बिल्डिंगमध्ये दुसऱ्या कुणाचं नाही. पुराणं पिंजून झाली, संस्कृत कोश उलटेपालटे झाले, नद्या संपल्या, नक्षत्रं संपली. मग गाडी ग्रीस-रोमकडे वळणारच होती. तरीही कॅमिला? शाळेत पोरं कॅमल म्हणणार, कॅमेरा म्हणणार. मी मनाशी ठरवून टाकलं, रविवारच्या आत वहिनीचं मन वळवायचं.

त्यासाठी पॉइंट हवेत. म्हणून त्या रात्री जेवण झाल्यावर बसले शोधायला.

पहिला धक्का, त्या ॲपने दिलेल्या तीन अर्थांपैकी दोन दुसऱ्याच शब्दांचे होते. ‘चहाचं सुंदर फूल’ हा अर्थ कॅमेलियाचा. त्या झाडाला हे नाव लिनियसने जॉर्ज जोसेफ कामेल या जेझुइट ब्रदरवरून दिलं. कामेल फिलिपिन्समध्ये राहून तिथल्या वनस्पतींचा अभ्यास करत असे. १७०६ मध्ये तो गेला. आपण रोज सकाळी उकळतो तो चहासुद्धा त्याच कॅमेलिया कुळातला. पण कॅमेलियाचा कॅमिलाशी काही संबंध नाही. दुसरा अर्थ, ‘परिपूर्ण’. तो अरबी ‘कामिल’चा. मुस्लिम घरांत कामिला असतात त्या या शब्दावरून. आणि आपलं संस्कृत ‘कमल’ तिसरंच. उच्चार शेजारी शेजारी, पण मुळं तीन वेगळ्या गावची. लोकलमध्ये चिकटून उभे राहिलो म्हणून आपण कुणाचे नातेवाईक होत नाही ना, तसंच.

लॅटिन कॅमिलाचा खरा अर्थ तिसराच. प्राचीन रोममध्ये धार्मिक विधींत पुजाऱ्याला मदत करणारी मुलं असायची. मुलगा तो कॅमिलस, मुलगी ती कॅमिला. चांगल्या घरातली हवीत आणि आई-वडील दोघंही हयात हवेत, ही अट. म्हणजे थोडीशी आपली करवली म्हणा. हा शब्द बहुधा रोमनांच्या शेजारच्या एट्रुस्कन लोकांकडून आलेला. एट्रुस्कन लोक मर्क्युरीला कॅमिलस म्हणत, असं जुन्या रोमन लेखकांनी लिहून ठेवलंय. कारण मर्क्युरी हा देवांचा निरोप्या, त्यांची कामं करणारा.

झालं! मला पॉइंट मिळाला. मुलीच्या नावाचा अर्थ ‘सेवेला उभी असलेली’? आपण इकडे अप्रेझलमध्ये लीडरशिप लीडरशिप करून घसा कोरडा करतोय आणि पोरीला जन्मतःच हाताखाली?

मग कॅमिलाची गोष्ट सापडली. ती वाचून झाली तेव्हा रात्रीचा एक वाजला होता आणि माझा पॉइंट जरा डळमळला होता. ती गोष्ट पुढे सांगते. जिथे मी ती सांगितली, तिथेच ती ऐकायला हवी.

शुक्रवारी संध्याकाळी पंचवटी पकडली. खिडकीची जागा, हातात वडापाव, कसारा घाट. अशा वेळी डोकं बरं चालतं. आणि मला आठवलं, अरे, नाशिकला रोमन नावाची मुलगी काही पहिल्यांदा जन्मलेली नाही! कॉर्नेलिया सोराबजी. जन्म नाशिकचा, १८६६. ऑक्सफर्डमध्ये कायदा शिकलेली पहिली स्त्री. १८९२ मध्ये तिने तिथली परीक्षा दिली आणि पदवी हातात पडली १९२२ मध्ये. तीस वर्षांनी! कारण १९२० पर्यंत ऑक्सफर्ड बायकांना परीक्षेला बसू द्यायचं, पण पदवी देत नसे. मधल्या काळात तिने बंगालमध्ये पडद्याआडच्या स्त्रियांच्या मालमत्तेसाठी सरकारी सल्लागार म्हणून काम केलं.

आता कॉर्नेलिया या नावाचा अर्थ बघायला गेलात तर ते एका रोमन घराण्याचं नाव, आणि त्याचं मूळ बहुधा ‘शिंग’ या अर्थाच्या शब्दात. रोमच्या इतिहासातली कॉर्नेलिया प्रसिद्ध आहे. मैत्रीण दागिने दाखवायला लागली तेव्हा हिने आपल्या मुलांकडे बोट दाखवलं, ती ही. पण नाशिकच्या सोराबजींनी यातलं काही बघून नाव ठेवलं नव्हतं. कॉर्नेलियाची आई फ्रान्सिना हिला एका इंग्रज जोडप्याने दत्तक घेऊन वाढवलं होतं. त्यातल्या बाईंचं नाव लेडी कॉर्नेलिया फोर्ड. नातीला आजीचं नाव. झालं. शिंग नाही आणि रोम नाही.

हे आठवलं, पण त्याचा माझ्या प्रश्नाशी काय संबंध, ते तेव्हा लक्षात आलं नाही. नाशिकरोडला उतरले आणि रिक्षा केली.

देवळाली कॅम्प ही वहिनीच्या माहेरची जागा. तुम्ही गेला नसाल तर एकदा जाच. लॅम रोडची झाडं, पारशी सॅनेटोरियम, जुने बंगले, आणि मुंबईहून ‘हवा बदलायला’ आलेल्या आजी-आजोबांच्या काठ्यांची टकटक. इंग्रजांनी १८६०च्या दशकात इथे लष्करी तळ वसवला. मुदत संपलेले गोरे सैनिक बोटीची वाट बघत इथे पडून राहायचे. बोटी हिवाळ्यातच सुटायच्या. ज्याची बोट हुकली तो महिनोन् महिने इथेच. काम नाही, करमणूक नाही, वर मलेरिया. त्यातून इंग्रजीत शब्द आला, ‘डूलाली टॅप’. डूलाली म्हणजे आपली देवळाली, आणि टॅप म्हणजे आपला साधा ताप. आज इंग्रजी डिक्शनरीत डूलालीचा अर्थ आहे, डोकं फिरलेला. बघा, अख्ख्या गावाचं नाव परदेशात गेलं आणि तिथे त्याचा काय अर्थ झाला. देवळालीकरांना कुणी विचारलं होतं का?

वहिनीचे बाबा, आम्ही काका म्हणतो त्यांना, तोफखान्यात सुभेदार होते. तोफखान्याचं स्कूल काकूलहून देवळालीला आलं आणि तेव्हापासून कॅम्प आणि तोफा हे समीकरण. काकांचं शेवटचं पोस्टिंग इथलं, मग इथेच घर बांधलं. वहिनीची आई ती चार वर्षांची असताना गेली. काकांनी दुसरं लग्न केलं नाही. वेणी घालण्यापासून दहावीचा अभ्यास घेण्यापर्यंत सगळं स्वतः. बोलणं मोजून मापून. मेसेजला उत्तर ‘ओके’ इतकंच, तेही दुसऱ्या दिवशी.

शनिवारी सकाळी लांबून ‘धडाड’ आवाज आला आणि खिडकीची काच थरथरली. मी चहा सांडला. बाळ ढिम्म.

‘‘रेंजवर फायरिंग चाललंय,’’ काका म्हणाले. ‘‘कॅम्पातलं पोर आहे ते. नाही दचकायचं.’’

दुपारपर्यंत डोंबिवलीहून आई-बाबा आणि आमची आजी येऊन दाखल झाले. संध्याकाळी सगळे व्हरांड्यात बसलो. वहिनीच्या मांडीवर बाळ. आणि काकांनी विषय काढला.

‘‘तू म्हणे बरीच शोधाशोध केलीस. काय आहे हे कॅमिला?’’

मी घसा साफ केला. मन वळवायची संधी हीच होती. पण गोष्ट सांगितल्याशिवाय अर्थ कसा सांगणार?

‘‘काका, वर्जिल नावाचा रोमन कवी होता. इसवी सनापूर्वी १९ मध्ये गेला. त्याचं ‘इनीड’ नावाचं बारा सर्गांचं महाकाव्य आहे, त्यात ही कॅमिला. तिचा बाप मेटाबस, राजा होता. प्रजा उलटली, त्याला गावातून हाकलून दिलं. तो तान्ह्या मुलीला छातीशी धरून पळाला. मागे शत्रू, पुढे अमासेनस नदी, आणि नदीला महापूर.’’

‘‘दारणेसारखा,’’ आजी म्हणाली. तिला गोष्टीत नदी आली की लगेच ती कुठली ते ठरवायचं असतं.

‘‘हो, तशी. एकटा असता तर पोहून गेला असता. पण पोर घेऊन कसं पोहणार? मग त्याने तिला झाडाच्या सालीत गुंडाळलं, आपल्या भाल्याला बांधलं, डायना देवीला म्हणाला, ही तुझी, सांभाळ. आणि भाला नदीपलीकडे फेकला.’’

व्हरांडा शांत. काका पुढे सरकले.

‘‘भाल्याला कुठे बांधली? टोकाला की मध्यावर?’’

हे वर्जिलने सांगितलंय आणि मी ते वाचलं होतं, नशीब माझं. ‘‘मध्यावर.’’

‘‘मग डोकं होतं त्याला,’’ काका म्हणाले. ‘‘टोकाला बांधली असती तर पाण्यात गेली असती. पुढे?’’

‘‘भाला पलीकडे जाऊन रुतला. मग त्याने पाण्यात उडी घेतली, पोहत गेला आणि भाल्यासकट पोर उपसून घेतली. पुढे कुठल्याच गावाने त्यांना थारा दिला नाही. त्याने तिला रानात वाढवलं. घोडीचं दूध पाजून. चालायला लागली तशी हातात छोटा भाला दिला. मोठी होऊन ती व्होल्स्की लोकांच्या घोडदळाची सेनापती झाली. पळायची अशी, की उभ्या पिकावरून गेली तरी कणीस मोडायचं नाही.’’

‘‘वसुदेवच की गं हा,’’ आजी म्हणाली. ‘‘टोपलीच्या जागी भाला, एवढंच. पण या सगळ्यात आई कुठे होती?’’

‘‘आई नव्हती आजी. वर्जिल आईबद्दल एवढंच सांगतो, की तिचं नाव कास्मिला होतं. बापाने त्याच नावातला थोडा भाग बदलून मुलीचं नाव...’’

आणि मी मध्येच थांबले.

वहिनीच्या आईचं नाव मला माहीत होतं. दादाच्या लग्नपत्रिकेत वाचलं होतं. ‘कै. सौ. कमल’. पण ते कधी जोडून बघितलंच नव्हतं. मी वहिनीकडे पाहिलं. ती बाळाचं टोपडं सारखं करत होती, जे सारखंच होतं.

काका काही बोलले नाहीत. बराच वेळ ते फाटकाकडे बघत राहिले.

आजीने शांतता फार टिकू दिली नाही. ‘‘शेवटी काय झालं त्या पोरीचं?’’

हा माझा दुसरा पॉइंट होता. पण आता तो मांडायची इच्छा उरली नव्हती. तरी खोटं कसं बोलणार? ‘‘लढाईत मेली, आजी. शत्रूकडच्या एकाच्या अंगावर सोन्याची शस्त्रं होती, त्याच्या मागे लागली, आणि दुसऱ्याने लपून भाला मारला. म्हणून मला वाटत होतं की नाव जरा...’’

‘‘माझं नाव काय?’’ आजीने मला मध्येच तोडलं.

‘‘जानकी.’’

‘‘नाशिकातच बसलोयत आपण. पंचवटीत काय झालं आणि पुढे तिचं काय झालं, ते ठाऊक नव्हतं का माझ्या आईला? तरी ठेवलंच ना? नाव कुणाचं ठेवलं म्हणून तिचे भोग येत नाहीत. फक्त ते तुमचं कॅमला-बिमला माझ्या कवळीत बसायचं नाही. मी आपली हिला कमळी म्हणणार. ए कमळे!’’

काकांनी झटकन वळून बघितलं. मग उठले आणि ‘पाणी भरायचंय’ म्हणून आत गेले. टाकी दुपारीच भरली होती.

रात्री स्वयंपाकघरात मी आणि वहिनी घुगऱ्यांसाठी हरभरे निवडत होतो. मी म्हटलं, ‘‘सरळ कमल का नाही ठेवलंस?’’

ती म्हणाली, ‘‘बाबांनी आईला कधी नावाने हाक मारली नाही. त्या वेळी मारायचेच नाहीत. ‘अगं’ म्हणायचे. ती गेल्यावर तर ते नाव आमच्या घरात फक्त फोटोखाली राहिलं. कमल ठेवलं असतं तर ते बाबांच्या ओठांवर आलंच नसतं. म्हणून त्याच्या जवळपासचं शोधलं. ॲपवर हे दिसलं आणि मनात म्हटलं, आमच्याकडची म्हातारी माणसं याचं दोन दिवसांत कमळी करणार. वर्जिल-बिर्जिल मला काही माहीत नव्हतं गं.’’

पंचवटीच्या खिडकीतली कॉर्नेलिया मला तेव्हा कळली. आपण नावाचा अर्थ शोधायला कोशात जातो. फूल, शिंग, सेवेकरी, काय काय मिळतं. पण घरात नाव येतं ते बहुतेक वेळा कुणाच्या तरी मागून. मी तीन रात्री शोधून काढलेला अर्थ खरा होता. वहिनीचा अर्थही खरा होता, आणि तो तिने न शोधताच दोन हजार वर्षांपूर्वीच्या गोष्टीशी जुळला होता.

आणखी एक गंमत सांगते. आकाशातही एक कॅमिला आहे. मंगळ आणि गुरूच्या मधल्या पट्ट्यातला लघुग्रह, क्रमांक १०७, दोनशे किलोमीटरहून मोठा. वर्जिलच्या याच कॅमिलावरून त्याचं नाव ठेवलंय. तो नॉर्मन पॉगसनने शोधला, १८६८ मध्ये, आणि कुठून, तर मद्रासच्या वेधशाळेतून! म्हणजे आपल्या आकाशात ती दीडशे वर्षांपूर्वीच सापडली होती. त्याला दोन चिमुकले चंद्र आहेत, हेही आता कळलंय. पहिला सापडला २००१ मध्ये, दुसरा २०१६ मध्ये. हे मी वहिनीला सांगितलं तर म्हणाली, ‘‘दोन? एक बाबा, एक आजी.’’

ज्यांच्या घरी हा प्रश्न चालू आहे, त्यांच्यासाठी कामाची गोष्ट. नावाची घाई करू नका. जन्मनोंदणीत बाळाचं नाव पहिल्या बारा महिन्यांत फी न भरता घालता येतं, आणि त्यानंतर विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. पण घालाल ते स्पेलिंगसकट दहादा तपासून घाला. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेश, ड्रायव्हिंग लायसन्स, मतदारयादी, सगळीकडे हाच दाखला लागणार आहे. आत्याची सही पुसता येते, दाखल्यावरची नाही.

रविवारी बारसं झालं. पाळण्याला झेंडूच्या माळा, पाळण्याखालून वरवंटा, सगळं साग्रसंगीत. आजीने सुचवलेलं देवाचं एक नाव आधी सांगून झालं. मग माझी पाळी. मी वाकले. बाळाच्या कानाला दुधाचा आणि तेलाचा वास येत होता. म्हटलं, ‘‘कुर्रर्र... कॅमिला!’’ आणि तिने एक जांभई दिली. पाठीत असे धपाटे बसले की सोमवारी ऑफिसच्या खुर्चीत टेकून बसता येईना.

संध्याकाळी निघताना रिक्षा फाटकाशी उभी होती. काका बाळाला घेऊन सोडायला आले. लांबून जाणाऱ्या मालगाडीची शिट्टी वाजली आणि बाळाने तिकडे मान वळवली. काकांना वाटलं, कुणी ऐकत नाहीये.

‘‘काय बघतेस, कमळे?’’ ते म्हणाले.

मी बॅग उचलली आणि काही ऐकलं नाही असं दाखवून रिक्षात बसले.